अप्रेंटिसची फायनल असेसमेंट कोणाकडून करून घ्यायची? इंग्लंडमधल्या मराठी एम्प्लॉयरांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. इंग्लंडमध्ये तुमच्याकडे अप्रेंटिस असेल तर त्याची शेवटची परीक्षा, म्हणजे एंड-पॉइंट असेसमेंट, जिला सगळे ईपीए म्हणतात, ती कुठल्या संस्थेकडून करून घ्यायची हे एम्प्लॉयर ठरवतो. म्हणजे तुम्ही. ट्रेनिंग प्रोव्हायडर, म्हणजे शिकवणारी संस्था, नाही. प्रोव्हायडर फक्त तुमच्या वतीने त्या संस्थेशी करार करतो आणि पैसे देतो. पण होतं काय, की सुरुवातीला सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात एका ओळीत संस्थेचं नाव आधीच टाईप केलेलं असतं, आपण सही करतो आणि दीड वर्षाने पोरगी घाबरून विचारते की परीक्षा घेणारं माणूस नक्की कोण आहे, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं.

मी एका केअर कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय. आपल्या ओळखीत केअर होम चालवणारे, नर्सरी चालवणारे, अकाउंटन्सी प्रॅक्टिसवाले, छोट्या आयटी कंपन्या, रेस्टॉरंटवाले असे बरेच जण आता अप्रेंटिस घेतात आणि प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे हं. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या अप्रेंटिसशिपच्या पद्धती वेगळ्या आहेत, तिथे ही ईपीए नाही.

आपल्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलला किंवा इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला एक्सटर्नल यायचे, आठवतंय ना, तीच कल्पना इथे आहे. ज्याने शिकवलं त्याने शेवटचा निकाल द्यायचा नाही. फरक इतकाच की तिथे एक्सटर्नल बोर्ड किंवा युनिव्हर्सिटी पाठवायची, इथे संस्था तुम्ही निवडायची. २०१२ साली उद्योजक डग रिचर्ड यांनी सरकारला जो अहवाल दिला त्यातूनच हे आलं, की वर्षभर थोडं थोडं टिक मारत बसण्यापेक्षा शेवटी एकदा नीट तपासा आणि तपासणारा स्वतंत्र असू द्या. त्यानंतर जुनी फ्रेमवर्क्स, म्हणजे अप्रेंटिसशिपचे जुने आराखडे, हळूहळू बंद होत गेली, जुलै २०२० नंतर त्यांच्यावर नवीन कोणाला घेता येईना, आणि आता सगळं स्टँडर्डवर, म्हणजे त्या त्या कामासाठी काय काय यायला हवं याच्या ठरलेल्या यादीवर, चालतं. प्रत्येक स्टँडर्डला स्वतःचा असेसमेंट प्लॅन असतो. तो प्लॅन फुकट आणि सगळ्यांना उघडा असतो, आधी इन्स्टिट्यूट फॉर अप्रेंटिसशिप्सच्या साईटवर असायचा, जून २०२५ पासून ते काम स्किल्स इंग्लंडकडे गेलंय.

तर पहिलं काम संस्था शोधायचं नाही. पहिलं काम तो प्लॅन वाचायचं. खरंच वाचा, भाषा जरा रुक्ष असते पण अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्यात तीन गोष्टी बघा. परीक्षा कुठल्या पद्धतीने होते, म्हणजे मल्टिपल चॉईस टेस्ट आहे का, कामावर येऊन ऑब्झर्व्हेशन आहे का, प्रोजेक्ट करून प्रेझेंटेशन द्यायचंय का, की पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाच्या पुराव्यांची फाईल, समोर ठेवून प्रोफेशनल डिस्कशन आहे. दुसरं, पास, मेरिट, डिस्टिंक्शन कशावर ठरतं. आणि तिसरं, जे कोणी वाचत नाही, ते म्हणजे इंडिपेंडंट असेसरकडे, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या स्वतंत्र माणसाकडे, काय पात्रता आणि कामाचा किती अनुभव हवा हे त्यात लिहिलेलं असतं. पुढे संस्थेला प्रश्न विचारताना हाच भाग कामाला येतो.

एक सावधगिरी, प्लॅनची व्हर्जन बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने असेसमेंटचे नियम सैल करायचं जाहीर केलं आणि तेव्हापासून एकेक करून प्लॅन बदलतायत, छोटे होतायत. नव्या पद्धतीत असेसमेंटचा काही भाग ट्रेनिंग चालू असतानाच होऊ शकतो, काही भाग प्रोव्हायडरसुद्धा घेऊ शकतो पण असेसमेंट संस्थेच्या देखरेखीखाली, आणि बिहेविअर्स म्हणजे वागणूक-वृत्ती वगैरे जे आहे ते एम्प्लॉयरने म्हणजे तुम्हीच तपासून सांगायचं. त्यामुळे मैत्रिणीच्या नर्सरीत मागच्या वर्षी जे झालं तेच तुमच्याकडे होईल असं धरून चालू नका, तुमचा अप्रेंटिस कुठल्या व्हर्जनवर आहे हे प्रोव्हायडरकडून ईमेलवर लिहून घ्या.

आता संस्था. हिला ईपीएओ म्हणतात, म्हणजे एंड-पॉइंट असेसमेंट ऑर्गनायझेशन. सरकारचं एक रजिस्टर आहे, पूर्वी फक्त असेसमेंट संस्थांचं वेगळं होतं, आता प्रोव्हायडर आणि असेसमेंट दोन्हीचं मिळून एकच आहे, एपार म्हणतात त्याला. तुमच्या स्टँडर्डसाठी कोण कोण मान्य आहे ते तिथे कळतं. काही स्टँडर्डना दहा-बारा पर्याय मिळतील, काहींना एकच, आणि एकच असेल तर निवडीचा प्रश्न संपला, पण खालचे प्रश्न तरी विचाराच. सिटी अँड गिल्ड्स, हायफील्ड यांच्यासारख्या मोठ्या संस्था बऱ्याच क्षेत्रात असतात, आणि काही एकाच क्षेत्रातल्या, म्हणजे आयटीला बीसीएस, अकाउंटिंगला एएटी. मोठं नाव म्हणजे चांगलीच सर्व्हिस असं नाही आणि छोटी संस्था म्हणजे कच्चीच असंही नाही. नाव बघून ठरवू नका.

संस्थेला ऑफक्वालची मान्यता आहे ना हेही बघा, ऑफक्वाल म्हणजे परीक्षांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा, त्यांचं रजिस्टर ऑनलाईन आहे. मान्यता संस्थेला असून भागत नाही, तुमच्या स्टँडर्डसाठी आहे का ते बघायचं. डिग्री अप्रेंटिसशिपचं थोडं वेगळं, ज्यात डिग्री आणि ईपीए एकत्र असतात तिथे युनिव्हर्सिटीच असेसमेंट करते आणि लक्ष ऑफिस फॉर स्टुडंट्स, म्हणजे युनिव्हर्सिट्यांवर देखरेख करणारी यंत्रणा, ठेवतं, तिथे तुम्हाला वेगळी संस्था निवडायची नसते.

स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र? तर ज्या माणसाने तुमच्या अप्रेंटिसला शिकवलंय, ज्याने त्याला कामावर सुपरवाईज केलंय, ज्याचा निकालात काही फायदा-तोटा आहे, असा माणूस असेसर नको. काही ट्रेनिंग कंपन्यांची स्वतःची असेसमेंट संस्था असते, किंवा एकाच ग्रुपच्या दोन कंपन्या असतात. बाकीच्यांच्या अप्रेंटिसची परीक्षा त्या खुशाल घेऊ शकतात, पण स्वतःच शिकवलेल्यांचं काय करतात हे स्पष्ट विचारा आणि कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टची त्यांची पॉलिसी मागा. खरी संस्था ती पॉलिसी लगेच पाठवते. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आणि एक गैरसमज काढून टाकते. तुम्ही संस्था निवडता, माणूस नाही. असेसर कोण येणार हे संस्था ठरवते. अमुक मॅडमच पाठवा असं सांगता येत नाही आणि ते बरोबरच आहे, नाहीतर स्वतंत्रपणाला अर्थ काय राहिला. म्हणूनच संस्थेकडे असे असेसर किती आहेत आणि कसे आहेत हे आधी विचारायला लागतं.

दोन-तीन संस्था निवडून त्यांना ईमेल टाका. प्रोव्हायडरमार्फत नको, स्वतः टाका. मी काय विचारते ते सांगते. तुमच्याकडे या स्टँडर्डसाठी सध्या किती असेसर आहेत, आणि आमच्या भागात प्रत्यक्ष येऊ शकतील असे किती? ते शेवटचे प्रत्यक्ष या कामात कधी होते? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या क्षेत्रात डिमेन्शिया असलेल्या आजींना सकाळी उठवून आंघोळीला तयार करणं हे काय असतं ते ज्याने केलंय तो असेसर अप्रेंटिसला वेगळे प्रश्न विचारतो, आणि ज्याने फक्त चेकलिस्ट वाचलीय तो वेगळे. पहिल्या प्रकारच्या माणसासमोर मुलं मोकळी होतात, बोलायला लागतात, त्यांना माहीत असलेलं बाहेर येतं. तुमचं किचन असेल तर शेफ राहिलेला माणूस हवा, सॉफ्टवेअर असेल तर ज्याने प्रॉडक्शनमधला कोड सांभाळलाय असा. "आमचे सगळे असेसर अत्यंत अनुभवी आहेत" हे उत्तर नाही. प्लॅनमधली ओळ त्यांना कॉपी करून पाठवा आणि ही अट तुम्ही कशी तपासता ते विचारा.

मग वेळेचं. गेटवे, म्हणजे अप्रेंटिस परीक्षेला तयार आहे असं ठरवायचा टप्पा, झाल्यापासून पहिली तारीख मिळायला साधारण किती आठवडे लागतात, निकाल किती दिवसात, आणि असेसर आजारी पडला तर दुसरी तारीख कधी? अप्रेंटिसचं सगळं आयुष्य त्यात अडकलेलं असतं हो. पगारवाढ, पुढची पोस्ट, कधी कधी दुसरीकडची नोकरी, सगळं निकालावर थांबलेलं. गेटवे होऊन महिनोन्‌महिने तारीखच नाही आणि तोपर्यंत मुलगा अर्धं विसरलाय, उत्साह गेलाय, असं झालेलं मी बघितलंय. किंमत थोडी जास्त असली तरी लवकर तारीख देणारी संस्था घ्या असं माझं मत आहे.

परीक्षा ऑनलाईन की प्रत्यक्ष हेही विचारा. प्रोफेशनल डिस्कशन बहुतेक ठिकाणी आता व्हिडिओ कॉलवर होतं. त्याला शांत खोली, नीट इंटरनेट, ओळखपत्र, आणि खोलीत दुसरं कोणी नाही हे कॅमेऱ्यात दाखवावं लागतं. केअर होममध्ये दोन तास शांत खोली मिळवणं म्हणजे काय ते आमच्यासारख्यांनाच माहीत, तेव्हा आधी रोटावर टाकून ठेवा. प्रत्यक्ष ऑब्झर्व्हेशन असेल तर तुमच्या रेसिडेंटची, मुलांच्या पालकांची किंवा क्लायंटची संमती लागेल, प्रायव्हसीचं काय, असेसरचं डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची तपासणी, झालंय का, कंपनीत येताना त्याने काय दाखवायचं, हे सगळं ज्या संस्थेकडे आधीच लिहून तयार असतं ती संस्था अशा जागी पूर्वी गेलेली आहे हे तुमच्या लक्षात येईल.

सराव करायला काय देतात? मॉक टेस्ट, नमुन्याचे प्रश्न, डिस्कशन कसं चालतं याचा व्हिडिओ, पोर्टफोलिओत काय आणि किती हवं याच्या सूचना. काही संस्था हे सगळं किमतीत धरून देतात, काही वेगळे पैसे लावतात. आपल्याकडच्या मुलांना, म्हणजे जी भारतातून इथे येऊन काम करतायत किंवा ज्यांच्या घरी मराठी-गुजराती-पंजाबी बोललं जातं, त्यांना काम छान येतं पण स्वतःच्या कामाबद्दल इंग्लिशमध्ये सलग एक तास बोलायचं म्हटलं की गाडी अडते. "आम्ही केलं" म्हणतात, "मी केलं" म्हणत नाहीत, कारण स्वतःचं कौतुक करायचं नाही हे लहानपणापासून शिकलेलं. असेसरला मात्र तुम्ही स्वतः काय केलं हेच ऐकायचं असतं. म्हणून निदान एक मॉक डिस्कशन मिळेलच अशी संस्था किंवा असा प्रोव्हायडर बघा, आणि नाही मिळालं तर तुम्ही स्वतः समोर बसून घ्या.

याला जोडूनच, डिस्लेक्सिया असेल, ऐकायला कमी येत असेल, अँग्झायटीचं निदान झालेलं असेल तर रिझनेबल ॲडजस्टमेंट मागता येते, जास्त वेळ, मधे ब्रेक, प्रश्न मोठ्या अक्षरात वगैरे. कायद्याने हे अपंगत्व किंवा दीर्घकाळच्या आजारासाठी आहे, इंग्लिश ही दुसरी भाषा आहे एवढ्यावर जास्त वेळ मिळत नाही, ते गृहीत धरू नका. संस्थेचा फॉर्म काय, कागद काय लागतात, आणि परीक्षेच्या किती दिवस आधी मागायचं हे निवडतानाच विचारा, कारण उशीर झाला की नाही म्हणतात.

पैशाचं आता. सरकार प्रत्येक स्टँडर्डला फंडिंग बँड, म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा, ठरवून देतं, जास्तीत जास्त २७,००० पाउंडपर्यंत, आणि ट्रेनिंग आणि ईपीए दोन्हीची ठरलेली किंमत त्यातच बसवायची असते. ईपीएची किंमत साधारण बँडच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी अपेक्षा असते, म्हणजे बँड ५,००० असेल तर १,००० पाउंडच्या आत. लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठी एम्प्लॉयरवर लावलेला कर, फक्त वर्षाला ३० लाख पाउंडच्या वर पगार वाटणाऱ्यांना लागते, आपल्यापैकी बहुतेकांना नाही, आणि लेव्ही न भरणाऱ्यांना ठरलेल्या किमतीच्या ५ टक्के भरावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून २२ वर्षांच्या आतल्या अप्रेंटिससाठी लहान-मध्यम एम्प्लॉयरांना तेही नाहीत. म्हणजे स्वस्त संस्था निवडून तुमच्या खिशात फारसं काही उरत नाही. मग स्वस्तातली संस्था निवडायचा आग्रह कोणाचा असतो आणि उरलेले पैसे कुठे जातात याचा जरा विचार करा, आणि किंमतीचा ब्रेकअप मागा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. अप्रेंटिसकडून मात्र परीक्षेचा एक पेनीसुद्धा घ्यायचा नाही, नियमच आहे.

खरा खर्च नापास झाल्यावर कळतो. री-सिट म्हणजे पुन्हा न शिकता परत परीक्षा, री-टेक म्हणजे थोडं शिकवून मग परीक्षा. नुसत्या री-सिटचा खर्च सरकारी फंडिंगमधून करता येत नाही, तो बाहेरून येतो, आणि बहुतेक करारात हळूच तुमच्यावर टाकलेला असतो. म्हणून प्रत्येक भागाची री-सिट फी वेगळी विचारा, कारण फक्त एक भाग गेला तर तेवढाच परत द्यायचा असतो. शिवाय ऐनवेळी तारीख रद्द केली तर किती कापतात तेही बघा. आमच्यासारख्या ठिकाणी सकाळी दोन जण सिक कॉल करतात आणि अप्रेंटिसला फ्लोअर सोडून परीक्षेला पाठवणं शक्य नसतं, असे दिवस येतात. अजून एक, बऱ्याच प्लॅनमध्ये री-सिटनंतर पासच्या वर ग्रेड मिळत नाही, तेव्हा मुलगी डिस्टिंक्शनच्या लायकीची असेल तर पहिल्याच वेळी घाई न करता पाठवा.

घाईवरून आठवलं. प्रोव्हायडरला शेवटचे २० टक्के पैसे ईपीए झाल्यावरच मिळतात. त्यामुळे काही जण गेटवेला ढकलायची घाई करतात. पण गेटवेत तुमचा शब्द महत्त्वाचा, तुमच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्हाला रोज काम दिसतं, प्रोव्हायडरच्या ट्यूटरला महिन्यातून एकदा. तयार नाही वाटत तर सही करू नका, काय राहिलंय ते लिहून द्या आणि तारीख पुढे ढकला. इंग्लिश-मॅथ्सचं पण गेटवेलाच तपासतात, फक्त अप्रेंटिसशिप सुरू करताना वय १९ किंवा त्यापुढचं असेल तर, फेब्रुवारी २०२५ पासून, ते करायचं की नाही हे एम्प्लॉयर ठरवू शकतो.

संस्था कधी निवडायची? ट्रेनिंग सुरू होतानाच, आणि उशिरात उशिरा गेटवेच्या सहा महिने आधी. आता अप्रेंटिसशिप कमीत कमी आठ महिन्यांची असू शकते, आधी ती वर्षाची असायची, त्यामुळे नंतर बघू म्हणायला वेळच उरत नाही. आणि दीड-दोन वर्षांचा कोर्स असेल तर मधे एकदा रजिस्टर परत बघा. काही संस्था एखादं स्टँडर्ड परवडत नाही म्हणून सोडून देतात, आणि हे तुम्हाला गेटवेच्या आठवड्यात कळलं तर नव्याने सगळं शोधायला लागतं.

प्रोव्हायडर म्हणाला की आम्ही नेहमी यांच्याकडेच देतो, तर लगेच संशय घेऊ नका. त्यांची सिस्टीम जुळलेली असते, पोर्टफोलिओ कसा हवा ते त्यांना पाठ असतं, मुलांना त्याचा फायदाच होतो. फक्त विचारा की गेल्या वर्षी या स्टँडर्डचे तुमचे किती जण यांच्याकडे गेले, त्यातले पहिल्या वेळी किती पास झाले, तारखा कधी मिळाल्या. आकडे चांगले असतील तर तीच संस्था घ्या, निवड तुमचीच झाली. आकडे देत नसतील तर वरच्या दोन-तीन ईमेलची उत्तरं समोर ठेवा आणि तुम्ही निवडलेल्या संस्थेचं नाव सांगा. प्रोव्हायडरला ते मानावं लागतं. नंतर त्यांचा आणि संस्थेचा करार झाला का, तुमचा अप्रेंटिस तिथे रजिस्टर झाला का, हे कन्फर्मेशन ईमेलवर मागून घ्या.

शेवटी अपिलाचं बघून ठेवा. निकालात चूक वाटली तर संस्थेकडे अपिलाची पद्धत असावीच लागते, किती दिवसात करायचं आणि फी किती ते त्यांच्या पॉलिसीत असतं, अपील मान्य झालं तर ती फी परत मिळते का तेही विचारा. परीक्षेच्या दिवशी घरात कोणी वारलं, स्वतः आजारी पडला, मधेच फायर अलार्म वाजला, तर त्यासाठी स्पेशल कन्सिडरेशन वेगळं मागतात आणि त्याची मुदत फार कमी असते, त्याच दिवशी संध्याकाळी काय झालं ते लिहून संस्थेला पाठवून द्या. आणि नापास झाल्यावर फीडबॅक कसा देतात याचा एक नमुना निवडतानाच मागवा. "नॉलेज कमी पडलं" एवढीच ओळ देणारी संस्था नको, कुठला मुद्दा राहिला आणि कशाचा पुरावा दिसला नाही हे जी संस्था लिहून देते तिच्या कागदावरून पुढच्या वेळेची तयारी करून घेता येते.